जिम्नीत दोन रात्री : सारंगखेड्याला ओलं अंथरूण, तोरणमाळला गाढ झोप

आबांनी पहाटे साडेतीनला मला कोपराने ढोसलं आणि अहिराणीत विचारलं, "हाई पानी कोठेन उनं रे?" म्हणजे हे पाणी कुठून आलं.

मोबाईलचा टॉर्च लावला तर चारी काचांवरून ओघळ चाललेले, पत्र्याच्या कडांना थेंब लटकलेले, आणि आबांची गोधडी खांद्याजवळ हाताला गार आणि दमट लागत होती. बाहेर आभाळ एकदम स्वच्छ, दत्तजयंतीच्या आदल्या रात्रीचा चंद्र मावळतीला आलेला, पावसाचा कुठे पत्ता नाही. म्हणजे पाणी बाहेरून आलेलं नव्हतंच, ते आमच्या दोघांच्या श्वासाचं होतं, पण हे मला त्या वेळी सुचलं नाही. त्या वेळी फक्त एवढंच कळत होतं की ६७ वर्षांच्या बापाला मी थंडीत ओल्या अंथरुणात झोपवलंय.

त्यानंतर पुढच्याच रात्री, त्याहून उंच आणि त्याहून गार ठिकाणी, त्याच गाडीत, तेच दोघं आम्ही गाढ झोपलो. मधल्या एका दिवसात काय बदललं ते सगळं लिहितोय, कारण लहान गाडीत झोपायचं म्हटलं की लोक पहिलं जागेवरच बोलतात, "एवढ्याशा गाडीत दोन माणसं मावणार कशी", आणि आमच्या दोन रात्रींचा अनुभव असा की जागा ही खरी अडचण नव्हतीच.

गाडी, माणसं आणि कारण

गाडी मारुतीची जिम्नी, पाच दरवाजांची, जी आपल्याकडे जून २०२३ ला आली. लांबी ३९८५ मिमी, रुंदी १६४५ मिमी, चार माणसांची. म्हणजे चार मीटरच्या आतली गाडी, वर चारही चाकांना ताकद देणारी फोर बाय फोर, तीही लो रेंजसकट, म्हणजे अवघड जागी हळू पण जोरात ओढणारा गिअर, त्यामुळे नदीकाठची वाळू असो की सातपुड्यातला कच्चा रस्ता, गाडी अडेल ही चिंता नाही. झोपण्याच्या दृष्टीने कामाची गोष्ट अशी की पुढच्या सीटची हेडरेस्ट काढून पाठ मागे पाडली की ती जवळजवळ आडवी होते आणि मागच्या सीटच्या बैठकीला येऊन भिडते, म्हणजे पुढची बैठक, पाडलेली पाठ आणि मागची बैठक असा एक सलग पट्टा मिळतो, दोन माणसांना दोन पट्टे. मागची सीट उभीच राहते म्हणून डिकीतलं सामान बाहेर काढावं लागत नाही. डिकी २०८ लिटरची आहे, दोघांच्या बॅगा, पाण्याचा कॅन आणि डब्यांची पिशवी आरामात बसते.

आबा एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झाले. उंची ५ फूट १० इंच, डावा गुडघा दुखरा, कंबर नोकरीनेच धरलेली. मी ५ फूट ६ इंच. आबांना सारंगखेड्याच्या यात्रेचा लहानपणापासून नाद, घोडा विकत घ्यायचा नसतो पण मारवाडी, काठेवाडी, नुकरा, पंचकल्याणी सगळे डोळे भरून पाहायचे आणि व्यापाऱ्यांशी दातांवरून वयाच्या गप्पा मारायच्या. दत्तजयंती २०२४ ला १४ डिसेंबरला, शनिवारी होती. आम्ही धुळ्याहून दोंडाईचा मार्गे शुक्रवारी संध्याकाळी पोचलो, पहाटे एकमुखी दत्ताचं दर्शन घ्यायचं म्हणून. शहाद्यात एका लॉजवाल्याने फोनवर खोली धरून ठेवतो म्हणून सांगितलेलं, तिथे गेल्यावर खोली दुसऱ्याला दिलेली. यात्रेच्या दिवसांत दुसरीकडे मिळणं शक्यच नव्हतं. आबा म्हणाले, गाडीतच झोपू, मी आयुष्यभर मुक्कामी गाडीत झोपलोय.

मुक्कामी गाडी म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रात्रीची शेवटची एसटी गावात थांबते आणि सकाळी पहिली फेरी तीच घेऊन निघते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच गाडीत झोपतात. आबांनी सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत अशा कितीतरी रात्री काढल्यात. पण एसटी केवढी आणि तिच्या खिडक्यांच्या फटी केवढ्या, हा फरक त्या रात्री आमच्या लक्षात आला नाही.

पहिली रात्र

गाडी तापीच्या काठाकडे उतरणाऱ्या मोकळ्या जागेत लावली. अंधार, धूळ, मागून गाड्यांची रांग, हात करणारे पोरं "पुढे घ्या पुढे घ्या" करत होते, मी चढाकडे तोंड करून गाडी घुसवली आणि बंद केली. आबा उतरल्या उतरल्या म्हणाले, "डोकं चढाकडे ठेवजो भाऊ." मी म्हटलं थोडासाच उतार आहे. आमची डोकी मागच्या सीटवर येणार होती, म्हणजे नदीच्या बाजूला, उताराकडे. त्यांनी एका वाक्यात सांगितलेली गोष्ट मी ऐकली असती तर अर्धी रात्र सुधारली असती.

अंथरूण म्हणून सीटवर एक दोन इंची फोमची घडीची गादी, वर चादर, अंगावर घरच्या दोन रुईच्या गोधड्या. यात्रेची धूळ नको म्हणून काचा पूर्ण बंद, एसीचं बटणही आतली हवा फिरवण्यावर ठेवलेलं, जे मी येताना धुळीमुळे दाबलं आणि तसंच राहिलं. झोपायच्या आधी दहा मिनिटं इंजिन चालू करून हीटर लावला, आत छान उबदार झालं, मग बंद केलं. हॅलोजनचा उजेड आणि वर टपोरं चांदणं असं दोन्ही थेट तोंडावर येत होतं, त्यासाठी टॉवेल काचेत अडकवला तो दोनदा पडला.

अकराच्या सुमाराला शेजारी उतरलेला शिंदखेड्याकडचा एक घोडेवाला आला, फार मायाळू माणूस, शेकोटीतले निखारे घमेल्यात काढून घेऊन आलेला. म्हणे, "घमेलं ठेवी देऊ का गाडीमा, आबाले ऊब लागी." आबा हो म्हणायच्या बेतात होते. मी नाही म्हटलं आणि जरा जोरातच नाही म्हटलं, त्यावर आबा रागावले, माणूस एवढ्या प्रेमाने घेऊन आलाय म्हणून. यावर खाली वेगळं लिहिलंय कारण या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त जीवावर बेतू शकणारी गोष्ट हीच होती.

बारापासून आबांची कुस बदलणं सुरू झालं. या गाडीला पुढे आणि मागे दोन्हीकडे सरळ अॅक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा अखंड दांडा, आणि कॉइल स्प्रिंग, त्यामुळे एकाने कूस बदलली की दुसऱ्याला पाळण्यासारखा हेलकावा बसतो. दोनला म्हणाले पाय ठणकी ऱ्हायना, म्हणजे ठणकतोय. पावलं सीटच्या पुढच्या कडेवरून खाली लोंबत होती आणि पोटऱ्यांवर कड रुतत होती. साडेतीनला पाणी. चारला आम्ही दोघं बाहेर शेकोटीशी जाऊन बसलो ते उजाडेपर्यंत.

सकाळचा हिशोब

दर्शन झालं, यात्रेत चहा आणि गरम भजी झाली, आबा घोडे बघायला गेले आणि मी मोजपट्टी, फडकं आणि वही घेऊन गाडीशी बसलो. मी शेतीच्या पंपांचं आणि ड्रिपचं काम करतो, काही बिघडलं की आधी कारण शोधायचं आणि मग पाना हातात घ्यायचा ही सवय आहे.

पहिलं पाणी. माणसाच्या श्वासातून आणि कातडीतून दिवसभरात साधारण ७०० ते ८०० मिली पाणी नकळत बाहेर पडतं. आठ तासांचं एका माणसाचं पाव लिटर धरा, दोघांचं अर्धा लिटर. आता गाडीच्या आतली हवा किती, तीन घनमीटरच्या आसपास. १० अंशाची एक घनमीटर हवा वाफेच्या रूपात जेमतेम साडेनऊ ग्रॅम पाणी धरू शकते, म्हणजे पूर्ण गाडीतली हवा मिळून २८ ग्रॅम, दोन मोठे चमचे. अर्धा लिटर पाणी आणि जागा दोन चमच्यांची, बाकीचं जाणार कुठे, जिथे सगळ्यात गार जागा सापडेल तिथे ते बसणार, आणि सगळ्यात गार जागा म्हणजे काच आणि उघडा पत्रा. गोधडी तर रुईची, ती ओल पिऊन घेते आणि मग गार पडते. झोपायच्या आधी हीटर लावून आम्ही उलट भर घातली, गरम हवेत वाफ जास्त मावते, गाडी गार झाली की ती सगळी एकदम काचेवर उतरते.

जागाही चुकीची. नदीकाठचा खोलगट भाग, रात्री वारा पडला की थंड हवा जड असल्यामुळे वाहत वाहत तिथेच येऊन साचते आणि नदीची ओल तिच्यात असतेच. वर मोकळं स्वच्छ आभाळ. अशा रात्री गाडीचं छप्पर आणि काचा आभाळाकडे उष्णता फेकत राहतात आणि भोवतीच्या हवेपेक्षाही गार होतात. शंभर पावलांवर कडुनिंबाखाली उभ्या असलेल्या पिकअपचं टप सकाळी जवळपास कोरडं होतं, आमच्या छतावर बोटाने नाव लिहिता येत होतं.

आणि काचा बंद असल्या की नुसती ओल नाही. झोपलेला माणूस तासाला १२ लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो, दोघांचा २४ लिटर, आणि हवा तीन हजार लिटर. गाडी काही पूर्ण सीलबंद नसते, फटीतून हवा येत-जात राहते म्हणून माणूस निभावून नेतो, पण सकाळी दोघांचंही डोकं जड होतं आणि ते नुसतं जागरणाचं नव्हतं असं माझं मत आहे.

दुसरा उतार. गाडी तशीच होती म्हणून मोबाईलचं लेव्हलचं अॅप सीटवर ठेवून बघितलं, ३ अंश. ऐकायला काहीच वाटत नाही. जिम्नीची पुढची आणि मागची चाकं यांच्यात २५९० मिमी अंतर आहे, त्यावर ३ अंश म्हणजे मागची चाकं पाच इंच खाली, आणि झोपलेल्या माणसाचं डोकं पायांपेक्षा साडेतीन इंच खाली. रात्रभर डोक्याकडे रक्त उतरतंय असं वाटणं आणि मागे मागे घसरून मान मागच्या सीटच्या पाठीला टेकणं, हे दोन्ही त्यातूनच आलं.

तिसरे खड्डे. सीट बसण्यासाठी बनवलेली असते, तिच्यात बूड बसतं तिथे खोलगट आणि कडेला मांड्या धरायला उंचवटे असणारच, ते बरोबरच आहे, नाहीतर घाटात माणूस घसरेल. पण आडवं झाल्यावर तेच उंचवटे बरगडीत आणि कमरेत येतात. मी रिकामी काठी सीटवर आडवी ठेवून खालची पोकळी मोजली, एकूण तीन जागा सापडल्या, बैठकीचा खोलगट भाग, बैठक आणि पाठ यांच्यामधली चीर, आणि पाडलेली पाठ मागच्या सीटला भिडते तिथली फट. तिसरी सगळ्यात वाईट, बरोबर खांद्याखाली येते आणि तिच्याखाली आधारच नाही. आमची दोन इंची गादी या तिन्ही खड्ड्यांत शिरून त्यांचाच आकार घेत होती. म्हणजे गादी टाकूनही आम्ही सीटवरच झोपलो होतो.

गादी कितीही जाड घेतली तरी ती खड्ड्यावर पूल होत नाही, आधी खड्डा भरावा लागतो मग वर गादी टाकायची. जमीन लेव्हल केल्याशिवाय ड्रिपच्या नळ्या टाकत नाही तसंच.

निखारे आणि इंजिन

हे आबांना दिवसाउजेडी शांतपणे समजावून सांगितलं आणि इथेही सांगतो. निखाऱ्यातून धूर दिसत नसला तरी कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो. झोपेत माणूस गुदमरून जागा होत नाही, आणखी गाढ झोपत जातो. उघड्या अंगणात शेगडी ठेवणं वेगळं आणि तीन घनमीटरच्या डब्यात ठेवणं वेगळं. काच दोन बोटं उघडी ठेवली तरीही नाही. इंजिन चालू ठेवून झोपायचंही नाही, सायलेन्सरचा धूर वारा नसला की गाडीभोवतीच घुटमळतो आणि फटीतून किंवा बाहेरची हवा आत घेणाऱ्या जाळीतून आत येतो. यात्रेत अजून एक धोका, जमिनीवर जिकडेतिकडे कडबा सांडलेला असतो आणि सायलेन्सर तापलेला. आम्ही रात्री दहा मिनिटं इंजिन चालवलं तेव्हा खाली वाकून बघितलंही नव्हतं, सकाळी बघितलं तर गाडीखाली वीतभर सुका कडबा होता. अंगावर काटा आला माझ्या.

आबा ऐकून थोडा वेळ गप्प बसले आणि मग त्या घोडेवाल्याकडे जाऊन त्यालाही सांगून आले, कारण तो स्वतः टेम्पोच्या बंद केबिनमध्ये घमेलं घेऊन झोपत होता. या दोन दिवसांत झालेलं सगळ्यात चांगलं काम मला तरी तेच वाटतं.

शहाद्यात

आबांना दुसऱ्या दिवशी तोरणमाळला जायचंच होतं, मी म्हटलं जाऊ, पण आधी बाजार. खोक्याचा पुठ्ठा फाडून तिन्ही खड्ड्यांचे आणि सगळ्या काचांचे नमुने कापून घेतले होते, ते घेऊन गादीच्या दुकानात गेलो. दुकानदाराला वाटलं सीट कव्हर हवंय, गाडी दाखवल्यावर त्याला गंमत वाटली आणि त्याने स्वतः हौसेने सुरी घेऊन तुकडे कापून दिले. बैठकीच्या खोलगट भागासाठी आणि चिरेसाठी रिबॉन्ड फोमचे तुकडे, हा कातरणीचा दाबून केलेला कडक फोम असतो, बसत नाही, खड्डा भरायला हाच पाहिजे. मधे जाड आणि कडेला उतरता असा पाचरीसारखा कापायचा, सरळ विटेसारखा ठेवला तर त्याचीच कड रुतते. खांद्याखालच्या त्या तिसऱ्या फटीवर नुसता फोम टाकला तर तो खाली जातो म्हणून सुताराकडून १२ मिमी प्लायचे दोन छोटे तुकडे, कोपरे गोल घासून घेतले. सगळ्यावर जुनीच दोन इंची गादी.

पायांचं काम मला वाटलं त्यापेक्षा नाजूक निघालं. पाय लोंबू नयेत म्हणून डाव्या बाजूच्या पायाच्या जागेत प्लास्टिकचा क्रेट उलटा ठेवला, वर उशी, बरोबर सीटच्या उंचीला आणलं आणि आबांना झोपवून बघितलं तर पायाचे अंगठे ग्लोव्ह बॉक्सला टेकत होते. क्रेट काढून कपड्यांची मऊ बॅग ठेवली, सीटपेक्षा तीन-चार बोटं खाली, तेव्हा पोटरीला आधार पण मिळाला आणि पावलांना जागाही राहिली. सीट पूर्ण पुढे ढकलायची नाही हेही तिथे कळलं, पाठ जेमतेम आडवी होईल एवढीच पुढे घ्यायची, जास्त पुढे घेतली की पाय डॅशबोर्डखाली कोंबले जातात.

आणि आबांची बाजू डावीच. स्टीअरिंग आणि पेडल उजवीकडे असतात, त्यामुळे उंच माणूस, म्हातारा माणूस, गुडघा दुखणारा माणूस नेहमी डावीकडे. पहिल्या रात्री मी मान म्हणून त्यांना ड्रायव्हरची बाजू दिली होती.

काचांसाठी पत्र्याच्या शेडखाली लावतात ती चंदेरी फोमची शीट हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळाली, पुठ्ठ्याच्या नमुन्यापेक्षा बोटभर मोठी कापली की काचेच्या रबरात स्वतःच अडकून बसते, टेप लागत नाही. मच्छरदाणीची जाळी घेतली, ती दाराच्या चौकटीवर ताणून दार लावलं की पक्की. मोबाईलच्या वायरवर चालणारा छोटा पंखा घेतला. अडीच वॅटचा पंखा आणि १०,००० एमएएचची पॉवर बँक, तिच्यात ३७ वॅट-तास असतात, नुकसान धरूनही दहा तास निघतात, गाडीच्या बॅटरीला हातच लावायचा नाही. आणि आबांनी यात्रेतून एक काळं घोंगडं घेतलेलं होतंच. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तीस टक्के ओल पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही, रुईच्या गोधडीला ते जमत नाही. कापूस पिकवणाऱ्या मुलखातला माणूस असून लिहितोय, पण गाडीत अंगावर वरचा थर घोंगड्याचाच पाहिजे, गोधडी आतून.

सगळं मिळून दोन हजाराच्या आत झालं आणि दुपारी दोनला आम्ही म्हसावद, राणीपूर करत घाटाला लागलो.

दुसरी रात्र

तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, सातपायरीचा घाट चढून वर गेलं की हवा लगेच बदललेली कळते. यशवंत तलाव बघितला, आबा गोरक्षनाथाच्या मंदिरात जाऊन आले, मग एका विश्रामगृहाच्या आवारात गाडी लावायची परवानगी मागितली. जंगलात किंवा तलावाच्या काठावर कुठेतरी बाजूला गाडी लावून झोपायचं नाही असं मी ठरवलेलं होतं, एक तर ते योग्य नाही, दुसरं म्हणजे रात्री काही झालं तर हाकेच्या अंतरावर माणूस पाहिजे. चौकीदाराने आनंदाने हो म्हटलं, त्याला आमच्यातलं वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी दिली.

जागा आबांनी निवडली. तलावापासून लांब, थोडी चढावर, भिंतीच्या आडोशाला आणि आंब्याच्या झाडाखाली, वर वाळकी फांदी नाही हे टॉर्चने बघून. पाण्याची अर्धी बाटली सीटवर आडवी ठेवली, बुडबुडा बघत मला पुढे-मागे करायला लावलं आणि एका चाकाखाली चपटा दगड घेतला. चाकांमधलं आडवं अंतर १.४ मीटर, एका बाजूला दोन इंचांचा फरक असला तरी २ अंशांचा कल येतो आणि मग दोघंही रात्रभर एकाच दाराकडे घरंगळत राहतात. शेवटी डोक्याची बाजू अगदी किंचित वर राहिली. हँडब्रेक, पहिला गिअर, वर चाकाला अजून एक दगड.

काचा तिरप्या उघडल्या. डावीकडची पुढची आणि उजवीकडची मागची, दोन-दोन बोटं, दोन्हीला जाळी. पंखा मागच्या फटीशी बाहेर तोंड करून, म्हणजे आमच्या डोक्याजवळची ओली हवा बाहेर ढकलली जाते आणि पायाकडून कोरडी हवा आत येते. आबांना हे पटत नव्हतं, थंडीत काच उघडी ठेवून कोण झोपतं. मी म्हटलं आज माझं ऐका, ऊब अंगावरच्या पांघरुणातून घ्यायची, गाडीच्या हवेतून नाही. कानटोपी, पायात लोकरी मोजे, आणि स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून ती फडक्यात गुंडाळून त्यांच्या पावलांजवळ ठेवली.

चंदेरी शीट लावल्यावर आत मिट्ट काळोख झाला. बाहेर पुनवेचं चांदणं आहे हे विसरायला झालं. आबांनी एकदा इकडून तिकडे हात फिरवून पाठीखालची जागा चाचपली, खड्डा सापडला नाही, म्हणाले, "आते जपू दे माले," आता झोपू दे मला, आणि दहाव्या मिनिटाला घोरायला लागले.

रात्री दोनला मी जागा झालो तेव्हा आतला छोटा थर्मामीटर ११ दाखवत होता, आणि बाहेर साइड मिररला बांधलेला ६. पाच अंशांचा फरक, तो फक्त दोन माणसांच्या अंगाचा आणि शीटचा, काचा उघड्या असूनही. पुढच्या काचेवर शीटच्या मागे हात घातला, थोडी ओल होती, थेंब नाही. तीनला आबा लघवीला उठले, त्यांचा कंदील-टॉर्च आणि चपला दारातल्या खणात ठरलेल्या जागी होत्या, मला उठवावंच लागलं नाही. गाडी रिमोटने नाही तर आतल्या बटणानेच लॉक केली होती, म्हणजे आतून दार उघडलं की अलार्म वाजायची भानगड नको. परत येऊन झोपले ते साडेसहापर्यंत.

सकाळी सगळ्या काचा एकाच फडक्याने पुसल्या आणि पिळलं, पेल्याचा तळ जेमतेम भरला. सारंगखेड्याला तेच फडकं मी तीनदा पिळलं होतं. घोंगड्यावर हात फिरवला, वरून किंचित दमट, आतली गोधडी कोरडी. आबा खाली उतरले, गुडघा दोनदा वाकवून बघितला, आणि चौकीदाराच्या चुलीवरचा चहा घ्यायला माझ्या आधी चालत गेले.

अजून जमायचंय ते

मधे हँडब्रेक आणि फोर बाय फोरचा लिव्हर आहे तिथली दरी तशीच आहे, झोपेत हात तिथे पडतो आणि कोपर लागतं, त्यासाठी गोल गुंडाळलेला टॉवेल ठेवला पण तो सरकतो. प्लायचे तुकडे डिकीत खडखडतात, घाटात उतरताना आबांनी दोनदा गाडी थांबवायला लावली, त्यांना वाटलं चाकाजवळचं रबरी बुश गेलं. त्याला खालून फेल्ट चिकटवणार आहे. पंख्याचा आवाज मला चालतो, आबांना नाही, त्यांनी कानात कापसाचे बोळे घातले. हा सगळा पसारा हिवाळ्याचा आहे हेही सांगतो, आपल्या खान्देशात एप्रिल-मेच्या रात्री या शीटच्या आत झोपणं शक्य नाही, तेव्हा बाजेवर अंगणातच झोपावं.

आणि सीट पाडलेल्या असताना घाईने निघायची वेळ आली तर काय, याची मी घरी आल्यावर तीनदा प्रॅक्टिस केली, फोमचे तुकडे मागे फेकून ड्रायव्हरची सीट सरळ करायला सध्या दोन मिनिटं लागतात. त्यातली दीड मिनिटं हेडरेस्ट शोधण्यात जातात, म्हणून आता ती डिकीत उजव्या कोपऱ्यात, सगळ्यात वर.